नळी वर बांध, कागदाचं मी बघतो

सुगत,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला मी जे बोललो ते सगळं गुळगुळीत होतं. वयाने सगळ्यांत मोठा म्हणून वंदना मीच घेतली, पंचशील मीच म्हटलं, आणि खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी माझा आवाज जराही अडखळला नाही. टॅम्पिनीसच्या तुमच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आपली सगळी माणसं बसली होती. मी म्हणालो, सुगत फार हळवा होता. माना डोलल्या. तू ऐकलं असतंस तर म्हणाला असतास, दादा, भाषण दुसऱ्या कुणाचं तरी घेऊन आलात.

मग मित्रा चहा घेऊन आली. तुझी मुलगी आता माझ्यापेक्षा उंच दिसते, का मीच खाली आलोय कळत नाही. तिने कप हातात दिला आणि माझ्या शेजारी बसली. हळू आवाजात म्हणाली, "काका, एक विचारू? ती टॅम्पिनीसची टेस्टिंगची केस. पपांनी खरंच स्वतःच्या मनाने सेटअप बदलला होता का?"

मला वाटलं होतं तिला यातलं काही माहीत नसेल. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. पण तीही पाण्याच्याच कामात पडली ना, जुरोंग ईस्टच्या त्या कंपनीत. तिथे नव्या लोकांना शिकवताना एक उदाहरण दाखवतात, चाचणी करणाऱ्याने काय करू नये याचं. नाव नसतं त्यात. पण कार पार्कच्या कडेची ती टाकी तिने ओळखली. लहानपणी तू तिला तिथे घेऊन जायचास, झाकण उघडून आत टॉर्च मारून दाखवायचास.

हे तिला कळलं ते तू जाण्याच्या काही महिने आधी. तिने तुला विचारलं नाही. तुझी प्रज्ञा सांगत होती की शेवटी शेवटी पोरगी बापाशी जरा तुटक बोलायची, आणि तू म्हणायचास, कामाचा ताण असेल. कामाचा ताण नव्हता, सुगत. तिला वाटत होतं आपला बाप लबाड आहे, आणि ते बापाच्या तोंडून ऐकायची तिची हिंमत नव्हती. तू तसाच गेलास. हे मी तुला आता सांगतोय, जेव्हा तुला त्याचा काही उपयोग नाही.

मित्राला मी काय उत्तर दिलं? तुला पाठ आहे ते.

"आठवत नाही गं, बेटा."

तिने माझ्या हातावर थोपटलं. "इट्स ओके लाह, काका. तुम्हाला कुठे काय आठवतं."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. दुःखाच्या घरातलं हसणं, पण हसले.

आता जे घडलं ते क्रमाने लिहितो. आपल्या मंडळाच्या अंकात हे छापून येईल. ज्यांनी 'सुगतने स्वतःच्या मनाने सेटअप बदलला' हे एक वाक्य इतकी वर्षं मनात धरून ठेवलं त्यांनी ते वाचावं. त्यांतल्या बऱ्याच जणांना आपलं काम नेमकं काय होतं तेही माहीत नाही, म्हणून आधी ते सांगतो. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

रस्त्यावर, पार्किंगच्या जागेवर पाऊस पडतो, ते पाणी धूळ, गाळ, टायरचा काळा चुरा असं सगळं घेऊन गटारात आणि तिथून जलाशयात जातं. ते वाटेत थोडं साफ व्हावं म्हणून जमिनीखाली काँक्रीटची गोल टाकी पुरतात. पाणी आत गरगर फिरतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी पुढे जातं. कंपन्या अशा टाक्या विकतात आणि प्रत्येकीचा दावा असतो की आमची सर्वांत जास्त गाळ अडवते. तो दावा तपासल्याशिवाय सरकारचं पाणी खातं परवानगी देत नाही. आधी प्रयोगशाळेत मोजलेली वाळू पाण्यात टाकून बघतात, मग खऱ्या पावसात. आत येणाऱ्या पाण्याचे नमुने, बाहेर जाणाऱ्या पाण्याचे नमुने, दोन्हींतला फरक. पुरेसे पाऊस असे मोजून झाले की आमच्यासारख्यांची समिती अहवाल तपासते आणि प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते सांगते. पण सगळ्याच्या आधी चाचणीचा आराखडा मंजूर होतो. कुठे नळी बसवणार, कधी नमुना घेणार, सगळं त्यात. मधे बदल करायचा तर आधी लेखी मंजुरी.

हा नियम सगळ्यांना माहीत होता आणि कुणीच पाळत नव्हतं. साइटवर अडचण आली की वरिष्ठ म्हणायचा, कर, कागद नंतर. कागद नंतर व्हायचाही. आपलं सगळं काम त्या 'नंतर'वर चालायचं.

त्या दिवशी सकाळी मोठा पाऊस पडून गेला होता, भुरभुर अजून चालू होती. तू झाकण उघडून पोटावर पडला होतास, टॉर्च आत, आणि मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. मी तेव्हा समितीवर होतो, पण साइट बघायला म्हणून आलो होतो. खरं म्हणजे तुझ्याबरोबर नंतर हॉकर सेंटरला जेवायला जायचं होतं.

"दादा, हे बघा. ही नळी पार तळाला टेकलीय. वाळू खातेय नुसती."

मी वाकून बघितलं. येणाऱ्या पाइपच्या तळाशी जाड वाळू सरपटत येत होती आणि नमुन्याची नळी तिच्यातच तोंड खुपसून पडली होती. त्याचा अर्थ तुलाही कळला आणि मलाही. नळी तळाला असली की आत येणारं पाणी आहे त्याहून कितीतरी घाण दिसतं. ती जाड वाळू तर कुठल्याही बादलीत आपोआप बसते. म्हणजे बाहेर पाणी स्वच्छ, टाकी पास. आणि जलाशय गढूळ करणारा बारीक गाळ आला तसा निघून जातो, त्याचं कुणाला काही कळत नाही.

"वर बांध," मी म्हणालो.

"आराखड्यात तळाला लिहिलंय. आधी बदल मंजूर करून घेतो."

"अरे, पाऊस काय तुझ्या मंजुरीची वाट बघत बसणार आहे? नळी वर बांध. कागदाचं मी बघतो."

"नक्की ना, दादा?"

"तुझ्या वहिनीची शपथ घेऊ का?"

"वहिनींची नको. त्यांना काही झालं तर रविवारी जेवायला जाऊ कुठे?"

तू नळी वर बांधलीस. क्लॅम्प मीच तुझ्या हातात दिला.

मी ते मनापासून म्हणालो होतो. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही. मनापासून म्हणालो होतो हेच जास्त वाईट आहे. मला चूक समजत होती, ती दुरुस्त कशी करायची तेही समजत होतं.

त्यानंतरच्या पावसांचे आकडे आले आणि टाकी नापास व्हायला लागली. कंपनीने ओरड केली. चाचणी करणाऱ्याने अर्ध्यातच सेटअप बदलला, मुद्दाम बदलला, दुसऱ्या कंपनीसाठी बदलला, असं सगळं. तोपर्यंत मी कागदाचं काही बघितलं नव्हतं. आधी विसरलो म्हणून, आणि आकडे आल्यावर विसरलो नव्हतो म्हणून. कारण त्याच कंपनीच्या लहान टाकीची चाचणी काही वर्षांपूर्वी मी केली होती. नळी तळाला होती. त्या टाकीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव उभं होतं, समितीतली खुर्ची त्याच नावाने मिळाली होती. तुझी वरची नळी बरोबर ठरली असती तर पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता.

बैठक झाली. तू टेबलाच्या त्या टोकाला, मी या. अध्यक्षबाई शांत स्वभावाच्या होत्या, कुणाला घालूनपाडून बोलायच्या नाहीत. तू म्हणालास की बदलाची तोंडी परवानगी होती. त्यांनी विचारलं, कुणाची. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. नाव मात्र घेतलंस. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, तुम्ही यांना असं सांगितलं होतं का?

"आय डोन्ट रिकॉल," मी म्हणालो.

नाही म्हणालो नाही, सुगत. नाही म्हटलं असतं तर ते कधीतरी खोटं ठरलं असतं. आठवत नाही हे कुणाला कधी खोटं ठरवता येत नाही. शब्द निवडायला मला क्षणभरही लागला नाही. माणूस इतक्या सफाईने नीच होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या ज्ञानावर मी पुढे निवृत्तीपर्यंत सुखाने नोकरी केली.

निकाल नियमाला धरून होता. मंजुरीशिवाय बदल, म्हणून सगळे नमुने बाद. टाकीची पुन्हा चाचणी झाली, नळी तळाला, टाकी पास. तुझी सही यापुढे कुठल्याही अहवालावर चालणार नाही. तू पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी होतास म्हणून देश सोडावा लागला नाही, एवढंच.

बाहेर लिफ्टपाशी तू माझी वाट बघत होतास. मला वाटलं मारशील. मारायला हवं होतंस.

"दादा, तेह घेणार?"

आपण गेलो. तू चहाचे दोन कप आणलेस, माझ्यासमोर एक ठेवलास आणि म्हणालास, "बिनसाखरेचा. मला आठवतं."

तिथून तुझं सुरू झालं.

लोकांना वाटतं तू मला माफ केलंस. तसं मानून प्रज्ञाही मला मान देते. तू कुणाला काही सांगितलं नाहीस, बायकोलाही नाही, दर रविवारी मेट्रोने बेट ओलांडून क्लेमेंटीला आमच्याकडे येत राहिलास आणि तुझ्या वहिनीच्या, शालनच्या हातचं जेवत राहिलास. आणि येईल त्या प्रसंगाला, चारचौघांत, हसत हसत तेच एक वाक्य. जयंतीच्या कार्यक्रमात मी चष्मा शोधत होतो तर माइकवरून, "दादांना विचारू नका, त्यांना आठवत नाही." आमटीत मीठ कमी पडलं तर, "वहिनी, दादांना सांगितलं होतंत का? मग झालं." पोरांना तर खेळच झाला होता. मित्रा आठनऊ वर्षांची असताना माझी नक्कल करायची, कपाळाला हात लावून, इथल्या इंग्रजीत, "काका डोन्ट रिमेंबर वन." सगळे हसायचे. तूही हसायचास, आणि हसताना माझ्याकडे बघायचास.

एकदा मी स्वयंपाकघरात तुला गाठून म्हणालो, "बास कर रे आता."

"काय बास करू?"

"तुला माहितीय काय."

"मला माहितीय," तू म्हणालास, "तुम्हाला आठवतंय का, ते बोला." आणि पाण्याचा जग उचलून बाहेर गेलास.

त्या वेळी मी 'हो' म्हणालो असतो तर? मी बाहेर येऊन पापड तळायला मदत केली.

आणखी एक, जे तुला माहीत नव्हतं. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तू अर्ज केला होतास. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, हुशार आहे, प्रामाणिकही आहे, जरा घाईत असतो. घाईत असतो, एवढंच. आपल्या कामात या शब्दाचा अर्थ काय होतो तो तुला माहीत आहे. तू त्या रविवारी पेढे घेऊन आलास, शिफारशीबद्दल आभार मानायला, निकाल लागायच्या आधीच. मी दोन खाल्ले. ती नोकरी तुला मिळाली नाही, बैठकीनंतर धरलेल्या पंपांच्या दुकानातच तू राहिलास.

शालनचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तू रोज संध्याकाळी कामावरून सरळ इकडे यायचास. तिला धरून चालवायचास, चेष्टा करायचास, तिची औषधं वेळेवर द्यायचास. "दादांच्या भरवशावर राहिलात तर बरं व्हायला नको, वहिनी." तू नसतास तर ती उभी राहिली नसती, आणि हे मी तिच्यासमोर अनेकदा बोललोय. पण तू दारातून आत आलास की मी पेपर उघडून बसायचो. मला कधी कळलं नाही की तू तिच्यासाठी यायचास का माझं तोंड बघायला. बहुतेक दोन्हींसाठी. तूही काही साधा नव्हतास. शिवी देऊन मोकळा झाला असतास तर आपण दोघंही सुटलो असतो. तुला मला सोडायचं नव्हतं.

आपला एक वाद तसाच राहिला. तू म्हणायचास, आधी ठरावीक तास कोरडे गेले पाहिजेत तरच पाऊस चाचणीला धरायचा, हा नियम कुठल्यातरी कोरड्या देशातून आणलाय. इथे दुपार झाली की रोज कोसळतो. "इथल्या पावसाला तुम्ही परीक्षेला बसूच देत नाही, दादा." आणि मी म्हणायचो, नियम नसेल तर जो तो आपल्या सोयीचा पाऊस निवडेल. त्या वादात मी अजूनही बरोबर आहे. तू गेलास म्हणून मी तो सोडणार नाही.

व्हॉइड डेकवरून घरी आल्यावर मात्र मला बसवेना. मी खात्यात गेलो. माझ्या वेळचं कुणी उरलेलं नाही. एक तरुण अधिकारी, फार सभ्य, त्याने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "अंकल, ते सर्टिफिकेट ऑलरेडी एक्स्पायर्ड. ते मॉडेल आता कुणी विकतही नाही. करेक्ट काय करायचं?"

"माझं विधान. बैठकीतलं."

"एवढ्या जुन्या मीटिंगचं आता काही नसतं, अंकल."

"मग ट्रेनिंगमधलं ते उदाहरण तरी काढा."

"त्यात नाव कुठे आहे?" तो म्हणाला, आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

मग मी मित्राला आणि प्रज्ञाला घरी बोलावलं. जेवणं झाल्यावर सांगितलं की परवानगी मी दिली होती, बैठकीत मी खोटं बोललो. सांगताना मला वाटत होतं की मी फार मोठं काही करतोय. मित्राने ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. ती हसली.

"काका, यू आर टू काइंड. पण तुम्ही माझ्यासाठी असं काही बनवू नका. पपा नेहमी म्हणायचे, काकांना काही आठवत नाही."

प्रज्ञा म्हणाली, "दादा, तुमची माया कळते आम्हाला."

आणि शालन, जिच्याबरोबर मी उभा जन्म काढला, ती म्हणाली, "काल गॅस बंद केला होता का तेही यांना आठवत नव्हतं."

बघ तू काय करून ठेवलंस. रविवारमागून रविवार, हसत हसत, तू माझ्या शब्दातला जीव काढून घेतलास. मला छळायला केलंस, आणि शेवटी ते तुझ्याच अंगावर आलं. तुझा एकच साक्षीदार होता, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये याची सोय तू स्वतः करून गेलास.

ते निघताना मी मित्राला दारात थांबवलं. म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या कंपनीचं एका टाकीवर काम चाललंय ना, तिथे येणाऱ्या पाइपात दोन नळ्या बांध. एक तळाला, एक वर. एकाच पावसाचे दोन्हींतून नमुने घे आणि बघ. पण आधी आराखड्यात लिही, मंजुरी हातात घे, मगच बांध. तिला मी हे शिकवलं. तुला नाही.

तिने मंजुरी घेतली. आणि परवा तिचा फोन आला.

"काका, तुम्ही याल ना साइटवर? एक विटनेस लागतो. तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे."

"मी चालणार नाही."

"गुडघे दुखतात का? मी ग्रॅबची टॅक्सी पाठवते."

"साक्षीदार त्रयस्थ लागतो. निकालात ज्याचं काही गुंतलंय तो चालत नाही. नियम वाच."

"तुमचं काय गुंतलंय, काका?"

मी परत सांगितलं. या वेळी माया, पश्चात्ताप असलं काही मधे येऊ दिलं नाही. आपण अहवाल लिहायचो तसं सांगितलं. लहान टाकीची चाचणी कुणी केली, नळी कुठे होती. टॅम्पिनीसला टाकीपाशी पोटावर कोण पडलं होतं, छत्री कुणी धरली होती. तू काय म्हणालास, मी काय म्हणालो. शपथेचं बोलणं आलं, आणि तू जे म्हणालास तेही मी जसंच्या तसं सांगितलं, की वहिनींना काही झालं तर रविवारी जेवायला जाऊ कुठे.

ती या वेळी हसली नाही.

म्हणाली, "हे पपांचंच बोलणं आहे." मराठीत म्हणाली, आणि फोन ठेवला.

पेढ्यांचं मी तिला सांगितलेलं नाही. ते ती इथे वाचेल.

त्यानंतर तिने मला फोन केलेला नाही. काल दुपारी चांगला जोराचा पाऊस झाला. दोन्ही नळ्या बांधून झाल्या होत्या, नमुने मिळाले, असं प्रज्ञाने शालनला सांगितलं. मला नाही.